पिवळी पाटी, पांढरी पाटी

१० सप्टेंबर २०१९ रोजी चेन्नईत पत्रकारांशी बोलताना केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी वाहन उद्योगातल्या मंदीची काही कारणं सांगितली. त्यातलं एक देशभर गाजलं. आजच्या तरुणांना गाडीच्या हप्त्यात अडकायचं नसतं, त्यापेक्षा ते ओला-उबरनं किंवा मेट्रोनं जाणं पसंत करतात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दोन दिवस टिंगल झाली आणि विषय मागे पडला. मारुती कंपनीच्या एका अधिकाऱ्यानं मात्र लगेच नेमका मुद्दा मांडला होता: ओला-उबर देशात येऊन सहा-सात वर्षं झाली, आणि वाहन उद्योगानं आपली काही उत्तम वर्षं याच काळात पाहिली.

पुढचे आकडे त्या अधिकाऱ्याच्या बाजूनं गेले. कार, जीप, व्हॅन अशा प्रवासी वाहनांची देशातली विक्री २०१८-१९ मध्ये ३३ लाख ७७ हजारांच्या घरात होती. २०१९-२० मध्ये ती पावणेअठ्ठावीस लाखांपर्यंत घसरली. २०२४-२५ मध्ये तिनं ४३ लाखांचा टप्पा ओलांडला. या सगळ्या वर्षांत ओला-उबर रस्त्यावरच होत्या आणि तरुणही होतेच. २०२५ मध्ये तर घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दसऱ्याला शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची जी रांग दिसली, तिचं कारण वेगळं सांगायला नको.

तरीही अर्थमंत्र्यांच्या विधानामागचा विचार थट्टेवारी नेण्यासारखा नाही. गाडी हवी तेव्हा दारात येत असेल तर ती विकत कशाला घ्यायची, हा प्रश्न साधा आहे आणि जगभरच्या वाढत्या शहरांच्या कितीतरी योजना त्याच्या उत्तरावर टेकलेल्या आहेत. मी राहतो आसनगावला. मुंबईची लोकल जिथं विरळ होते आणि शहापूर-मुरबाडकडची जीप जिथं सुरू होते, असा हा कोपरा. इथून पाहिलं की मला असं दिसतं: ॲपमुळे गाड्यांची मालकी घटलेली नाही, ती जागा बदलून बसली आहे. शहराच्या मध्यावरच्या पगारदाराकडून ती शहराच्या कडेवरच्या कर्जदाराकडे सरकली. आणि या कडेवरच्या माणसाला स्वतःला रात्री-अपरात्री गाडी लागते, तेव्हा ॲपवर कुणी येत नाही. म्हणून तोही गाडी घेतो.

*

आधी अभ्यासक काय म्हणतात ते पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत क्लूलो आणि मिश्रा या दोघांनी २०१७ साली अमेरिकेतल्या सात महानगरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲपची टॅक्सी वापरणाऱ्यांपैकी ९१ टक्के लोकांनी आपल्याकडच्या गाड्यांबाबत काहीच बदल केलेला नव्हता. शिवाय ॲपवरच्या ४९ ते ६१ टक्के फेऱ्या अशा होत्या, की ॲप नसतं तर त्या झाल्याच नसत्या, किंवा लोक चालत, सायकलनं, बसनं, रेल्वेनं गेले असते. म्हणजे निम्म्या फेऱ्यांनी घरच्या गाडीला हातच लावला नाही. त्यांनी जागा घेतली ती बसची आणि पायांची.

चीनमधला अभ्यास आपल्याला जास्त जवळचा आहे. उबर काही वर्षं चीनमध्ये होती. २०१६ साली तिनं तिथला कारभार दीदी या कंपनीला विकून टाकला. त्या काळातल्या शहराशहरांच्या नोंदी घेऊन गाँग, ग्रीनवुड आणि साँग या तिघांनी एक निबंध लिहिला. उबर मला मर्सिडीज घेऊन देईल, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक आहे. ज्या शहरात उबर आली तिथं नव्या गाड्यांची मालकी सुमारे ८ टक्क्यांनी वाढली, असा त्यांचा निष्कर्ष. कारण उघड आहे. गाडी ही नुसती खर्चाची वस्तू न राहता कमाईचं साधन झाली, की जो एरवी घेतली नसती तोही घेतो.

अमेरिकेत ॲप सुरू झालं तेव्हा बहुतेक घरांपुढे गाडी आधीच उभी होती. फावल्या वेळात तीच रस्त्यावर आणायची, यालाच तिकडे 'शेअरिंग' म्हटलं गेलं. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत चारचाकी असलेली कुटुंबं ४.७ टक्के होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, ती ७.५ टक्के भरली. इथं फावल्या वेळची गाडी होतीच कुणाकडे? चालक व्हायचं तर आधी गाडी विकत घेणं भाग होतं. 'शेअरिंग' हा शब्द आपण तिकडून जसाच्या तसा उचलला, त्यामागची उभी गाडी मात्र आपल्याकडे नव्हती.

ती गाडी कशी आली, हे समजायला परमिटाचा मामला पाहावा लागतो. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं परमिट ही एके काळी घरातली इस्टेट होती. परमिटं मोजकी, म्हणून टॅक्सीही मोजक्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्या सुमारे ६३ हजार होत्या, आता चाळीस हजारांच्या आसपास उरल्या आहेत. शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत टॅक्सी म्हणून नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी रस्त्यावरून उतरल्या. वर्तमानपत्रांनी त्यावर पानंच्या पानं हळवं लिहिलं. खरा बदल त्याच्या किती आधी होऊन गेला होता. ॲपच्या गाड्या टूरिस्ट परमिटवर चालतात आणि त्या परमिटाला काळ्या-पिवळीसारखी संख्येची मर्यादा नाही. ज्याला कर्ज मिळेल त्याला टॅक्सी मिळेल, असा तो नवा दरवाजा होता. २०१२ साली मुंबईतली नोंदणीकृत वाहनं वीस लाखांच्या आसपास होती, दहा वर्षांनी ती चाळीस लाखांच्या पलीकडे गेली. ही वाढ सगळी ॲपमुळे झाली असं कुणी म्हणणार नाही. त्यात दुचाकीच जास्त आहेत. पण ॲप आलं आणि गाड्या कमी झाल्या, असंही म्हणायला जागा राहत नाही.

*

ही पिवळ्या पाटीची गाडी रात्री कुठं उभी असते? दादर-माटुंग्यात नाही. तिथं चालकाला खोली परवडत नाही आणि गाडीला जागा मिळत नाही. ती उभी असते टिटवाळ्याला, वाशिंदला, आसनगावला, नव्या इमारतींच्या कुंपणाबाहेर. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' अशी जाहिरात असलेल्या या इमारतींमध्ये कल्याण-डोंबिवलीतही घर न परवडलेली माणसं राहायला आली आहेत. (पाच मिनिटं कशानं, ते जाहिरातीत नसतं.) पहाटे चारच्या सुमाराला हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाहिलंत, तर एकामागून एक रिकाम्या टॅक्स्या मुंबईच्या दिशेनं जाताना दिसतील.

या धंद्याचा हिशेब कागदावर मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण बाजारापासून लांबचे नाहीत. समजा गाडीसाठी सात लाखांचं कर्ज काढलं, दहा टक्के व्याजानं, पाच वर्षांसाठी. हप्ता बसतो महिन्याला सुमारे १४,८७० रुपये. महिन्यात सव्वीस दिवस गाडी चालली तर रोजचे ५७२. आसनगाव ते मुंबई जाऊन-येऊन १७० किलोमीटर. किलोला वीस किलोमीटर आणि सीएनजी किलोला ऐंशी रुपये धरला तर ६८० रुपये नुसते घर ते धंदा आणि धंदा ते घर यात जातात. दोन्ही मिळून झाले १,२५२.

आता कमाई. राज्य सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपच्या टॅक्सीसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा मूळ दर ठरवला आणि त्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला मिळावा असं म्हटलं. ते झाले १८ रुपये १८ पैसे. त्यातून गॅसचे चार रुपये वजा केले की १४ रुपये १८ पैसे हातात. १,२५२ ला या आकड्यानं भागा. प्रवासी बसवून ८८ किलोमीटर गाडी चालवल्यावर चालक शून्यावर येतो. घरात रुपया जातो तो ८९ व्या किलोमीटरपासून. त्यात विमा, टायर, पासिंग, देखभाल काहीच धरलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेले चालक सांगत होते, की कापून-कुपून हातात किलोमीटरला आठ ते बारा रुपयेच पडतात. त्यातले बारा धरले तर गॅस वजा जाता आठ उरतात आणि शून्यावर यायला १५६ किलोमीटर लागतात. मुंबईच्या गर्दीत ताशी वीसचा वेग धरला, तर जवळजवळ आठ तास. प्रवासी शोधण्यात, वाट पाहण्यात, सिग्नलबाहेरच्या रांगेत जातो तो वेळ निराळा.

म्हणून पुष्कळ चालक रोज घरी येतच नाहीत. तीन-चार दिवस मुंबईतच राहतात, सीट मागे पाडून गाडीत झोपतात, सार्वजनिक शौचालयात आंघोळ उरकतात आणि चौथ्या दिवशी गाडी घराकडे वळवतात. घर घेतलं आसनगावला, गाडी घेतली हप्त्यावर, आणि मुक्काम विमानतळाजवळच्या रस्त्याकडेला. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर एक चालक मला म्हणाला, "काका, गाडी माझ्या नावावर आहे, पण मालक हप्ताच." सुरुवातीच्या वर्षांत इन्सेंटिव्हचा पाऊस होता, फेऱ्यांची संख्या गाठली की भाड्याच्या वर रोख बक्षीस मिळे. ते बघून शेजाऱ्यानं गाडी घेतली, शेजाऱ्याचं बघून मेव्हण्यानं घेतली. मग बक्षिसं आटली. मार्च २०१८ आणि पुन्हा ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत संप झाले तेव्हा चालकांचं गाऱ्हाणं हेच होतं: उत्पन्नाची मोठी आशा दाखवली, आम्ही लाखो रुपये अडकवून बसलो, आता हप्ताही निघत नाही.

मुंबईतल्या ज्या तरुणानं 'आम्हाला गाडीची कटकटच नको' असं ठरवलं, त्याची गाडी अशी दुसऱ्या कुणाच्या तरी सहीनं घेतली गेलेली असते. रस्त्यावरच्या गाड्यांची बेरीज त्यानं बदलत नाही. ती रोज १७० किलोमीटर रिकामी धावत असेल तर रस्त्यावरची गर्दी उलट वाढते.

*

आता आसनगावच्या स्वतःच्या प्रवासाकडे येऊ. वाशिंदहून आसनगावपर्यंत रेल्वे आली १८६० साली, पुढच्याच वर्षी ती कसाऱ्याला पोहोचली. शहापूर हे तालुक्याचं गाव मात्र रुळांपासून अडीच-तीन किलोमीटर बाजूला राहिलं. मुरबाडला तर आजही रेल्वे नाही. त्यामुळे आसनगाव ही कायमच उतरून पुढे जायची जागा आहे. पुढे म्हणजे शहापूर, तिथून शेणवा, किन्हवली, डोळखांब. किन्हवलीवरून सरळगावमार्गे मुरबाड. लोकलच्या प्रवासाचा कंटाळा इथल्या माणसाला येतच नाही असं नाही, पण तो सवयीचा आहे. घोर असतो तो लोकलमधून उतरल्यानंतरचा.

त्यावर इथं फार जुनी तोड आहे, तिला आम्ही 'सीट' म्हणतो. सातारा-सांगलीकडे वडाप म्हणतात तोच प्रकार. रिक्षा, जीप, नाहीतर इको स्टँडवर लागते, सीटा भरल्या की निघते. दर ठरलेला. मीटरचा आणि रिक्षाचा संबंध आरटीओत पासिंगच्या दिवसापुरता. कुणाला घाई असेल, सोबत आजारी माणूस असेल, तर सगळ्या सीटांचे पैसे देऊन 'पेशल' करायची. स्टँडवर नंबर लावणारा एक जण असतो, तो कुठल्याही ॲपइतकाच चोख हिशेब ठेवतो आणि कमिशनही घेतो ते चहापुरतं.

ॲप आणि सीट यांच्यातला फरक नीट पाहण्यासारखा आहे. ॲपची गाडी बोलावली की येते, सीटची गाडी भरली की निघते. ॲपच्या भाड्यात गाडीचं रिकामं येणं-जाणं धरलेलं असतं, म्हणून ते महाग. सीटमध्ये गाडी रिकामी धावत नाही. त्याची किंमत प्रवासी वाट पाहून चुकती करतो. एकच गाडी दिवसभरात कितीतरी माणसं वाहते आणि त्यातल्या कुणाला स्वतःची गाडी घ्यावी लागत नाही. गाड्यांची मालकी खरोखर कमी ठेवणारी व्यवस्था कुठली, असं विचारलं तर मी या स्टँडकडे बोट दाखवीन. इंडोनेशियातली गोजेक ही आज अवाढव्य असलेली कंपनी २०१० साली जकार्तात अशाच स्टँडवरच्या वीसेक दुचाकीवाल्यांना हाताशी धरून सुरू झाली. ॲप आलं २०१५ साली. तिथं स्टँड आधी होता, ॲप नंतर आलं. आपल्याकडच्या धोरणात स्टँडला जागाच नाही.

पण सीटची एक मोठी अडचण आहे. रात्री ती भरत नाही. दहानंतर लोकलमधून उतरणारी माणसं कमी, त्यात शहापूरला जाणारी दोन, किन्हवलीला एक. एकट्यानं पेशल करायची तर दिवसाच्या सीटच्या चारपट-पाचपट पैसे, तेही रिक्षा उभी असेल तर. ॲप उघडलं तर गोल फिरणारं चक्र दिसतं. यात चालकाचा दोष नाही. कल्याणहून कुणी आसनगावला सोडायला आला, तर परतीचे तीसेक किलोमीटर त्याला रिकामं जावं लागतं. रात्री अकराला इथून कल्याणचं भाडं कोण देणार? म्हणून तो ठिकाण बघतो आणि फेरी रद्द करतो.

याचा सगळ्यात मोठा भार बायकांवर पडतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि दिवसाच्या गाड्या बायकांनी भरून जाऊ लागल्या, हे इथं कुणीही सांगेल. पण रात्रीच्या लोकलला जोडून एसटी नाही. आमच्या ओळखीत एक मुलगी ठाण्यातल्या रुग्णालयात परिचारिका आहे. दुपारपाळी संपवून ती स्टेशनवर उतरते तेव्हा साडेअकरा होतात. अनोळखी पुरुषांबरोबर रिक्षा भरायची वाट पाहत उभं राहणं नको, म्हणून घरच्यांनी कर्ज काढून लहान गाडी घेतली. नवरा भिवंडीच्या गोदामात सकाळपाळीला जातो. तो रात्री नवाला झोपतो, अकराला उठून तिला आणायला जातो आणि पुन्हा झोपतो. महिन्याच्या वीस-बावीस फेऱ्या, प्रत्येक फेरी तीनेक किलोमीटरची. एकट्या हप्त्याचा भागाकार केला तर प्रत्येक फेरी सहा-सातशे रुपयांना पडते. हिशेबानं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे आणि तरीही त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. गाडी नसती तर दुपारपाळी सोडावी लागली असती, आणि पाळी सोडली असती तर बहुधा नोकरीही.

इथं लोक गाडी घेतात ती फेऱ्यांसाठी नव्हे. ते खात्री विकत घेतात. हा विम्याचा हप्ता आहे, वर्षातल्या काही रात्रींसाठी भरलेला. दोन प्रसंगांनी ही खात्री आमच्याकडे फार महाग केली. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि सर्वसामान्यांसाठी कधी पूर्ण, कधी वेळांच्या बंधनात, अशी ऑगस्ट २०२१ पर्यंत अडखळतच राहिली. ती रुळावर येते न येते तोच एसटीचा संप लागला. २०२१ च्या दिवाळीच्या आसपास सुरू झालेला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. ज्यांना जमलं त्यांनी त्या दोन वर्षांत जुनी का होईना, गाडी घेतली. लोकल आणि एसटी परत आल्या, पण त्या गाड्या काही कुणी विकल्या नाहीत.

यात रस्त्यांनीही हात लावला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. तो आमच्या तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. ज्याच्या शेतातून रस्ता गेला, त्याला त्यावरून जायचं तर चारचाकी पाहिजे.

*

गावात गाडी आली की ती एका घराची राहत नाही. पाड्यावर किंवा वाडीत ज्याच्याकडे इको नाहीतर बोलेरो आहे, त्याचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असतो. बाळंतपण, साप चावणं, लग्नाचं वऱ्हाड, दहावीच्या परीक्षेचं केंद्र, कशालाही तोच फोन. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिनं पुष्कळ जीव वाचवले. पण ती डांबरी रस्त्यापर्यंत येते. पाड्यावरून रस्त्यापर्यंत डोली करून आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. अशा वेळी दुसऱ्या हातात शेजाऱ्याच्या गाडीचा फोन लागलेला असतो. गाडीवाला डिझेलचे पैसे घेतो, वर काही ठेवले तर ठेवले.

ही पांढऱ्या पाटीची, खाजगी पासिंगची गाडी. कायद्यानं तिनं भाडं मारणं हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार भाड्यानं माणसं न्यायला परमिट लागतं. ते नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांचा दंड आहे आणि कैदेचीही तरतूद आहे. दंडापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याची वाहतूक बसत नाही. पैसे घेऊन माणसं नेताना अपघात झाला आणि ते सिद्ध झालं, तर विमा कंपनी भरपाई नाकारण्यासाठी तेच कारण पुढे करते. मग अडचणीत धावून आलेला शेजारी आणि जखमी झालेला शेजारी, दोघंही उघड्यावर. पिवळी पाटी घ्यावी तर परमिट, दरवर्षीच्या-दोन वर्षांच्या फिटनेसच्या खेपा, महागडा विमा. महिन्याला चार फेऱ्या मारणाऱ्याला ते पेलत नाही. शहरातल्या बारा तास चालणाऱ्या टॅक्सीसाठी आखलेला नियम पाड्यावरच्या गाडीला लावला की असं होतं.

गोव्याकडे पाहिलं तर हे चित्र आणखी ठळक होतं. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात चारचाकी असलेल्या कुटुंबांचं प्रमाण महाराष्ट्रात ८.७ टक्के होतं, गोव्यात ४५ टक्क्यांच्या वर, देशात सर्वांत जास्त. गोव्यात ओला-उबरला स्थानिक टॅक्सीवाल्यांनी शिरकाव करू दिलेला नाही. २०१८ साली आलेल्या गोवामाइल्स या ॲपलाही जोरदार विरोध झाला. आता कुणी म्हणेल, बघा, ॲप नाही म्हणून घरोघर गाडी. मला तसं वाटत नाही. गोव्याचं उत्पन्न जास्त आहे, वस्ती वाड्या-वाड्यांत विखुरलेली आहे आणि संध्याकाळ झाली की बस आटते. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आमच्याशी तंतोतंत जुळतात, पहिली तेवढी जुळत नाही. गंमत म्हणजे दुचाकीवरून भाडं मारणारे परवानाधारक 'पायलट' गोव्यात कित्येक दशकांपासून आहेत. बाईक टॅक्सी ही नव्या युगाची कल्पना असल्याचं शहरात सांगितलं जातं, तेव्हा म्हापशाच्या बसस्टँडवरचे पायलट हसत असतील.

महाराष्ट्रानं ई-बाईक टॅक्सीला २०२५ मध्ये मंजुरी दिली, पण ती लाखावर वस्तीच्या शहरांसाठी. शहापूर आणि मुरबाड या नगरपंचायती. त्यांचा प्रश्नच मिटला. दुसरी घोषणा मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी केली: पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही. जपानात असा कायदा १९६२ पासून आहे. सिंगापूर तर १९९० पासून गाडी घेण्याचा हक्कच लिलावात विकतं. मुंबईत असं काही व्हायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण जपाननं जागा घरापासून ठरावीक अंतरातच हवी अशी अट घातली, ती अट आपल्याकडे ढिली राहिली तर काय होईल हे आमच्याकडचं पोरही सांगेल. अंगण आमच्याकडे आहे. शहरातल्या टॅक्सीची नोंदणी आणि तिच्याबरोबर हप्ताही आणखी एक-दोन स्टेशनं पुढे सरकेल, आटगावला, खर्डीला.

कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम बरीच वर्षं चालू आहे. ती झाली की लोकल वाढतील, सीटा लवकर भरतील. तोवर रात्रीचं काय, याचा एक छोटा हिशेब मी करून पाहिला. समजा स्टँडवरच्या दोन रिक्षांनी रात्री साडेदहा ते शेवटच्या लोकलपर्यंत एवढंच पाळायचं, की लोकल आली की रिक्षा निघणार, भरो वा न भरो. त्यातली एक आधी महिलांची. परिवहन प्राधिकरणाकडून मार्ग आणि दर मंजूर करून घ्यायचे, म्हणजे ते कायद्यातही बसेल. रात्रीची सीट वीस रुपये आणि तिघांची रिक्षा धरली, दर फेरीला सरासरी दोन सीटा रिकाम्या गेल्या असं धरलं, तर तूट फेरीला चाळीस रुपयांची. रात्री दहा फेऱ्या म्हणजे चारशे. महिन्याचे बारा हजार.

वर काढलेला एका गाडीचा हप्ता १४,८७० होता. स्टेशनच्या या बाजूला नव्या सोसायट्या पुष्कळ आहेत. त्यांनी वर्गणी काढली तर घरटी रक्कम केबलच्या बिलाएवढीही येणार नाही. स्टँडवर बोललो. तिघे रिक्षावाले तयार आहेत, पण तुटीचे पैसे महिनाअखेर नकोत, आठवड्याच्या आठवड्याला हवेत, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते रास्त आहे. आमच्या सोसायटीची सभा दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवर हा विषय पाण्याच्या टाकीनंतर, गाड्या लावायच्या जागेच्या भांडणाच्या आधी घेतला आहे.